भदंत एन्निन : चीनच्या वाटांवरची नऊ वर्षे

आपल्या शालेय इतिहासाच्या पुस्तकात चीनहून आलेल्या तीन बौद्ध यात्रिकांची नावे येतात : फाहियान, युआन श्वांग आणि इत्सिंग. यांपैकी युआन श्वांग सातव्या शतकात महाराष्ट्रातही आले होते आणि चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या राज्याविषयी त्यांनी लिहून ठेवले, म्हणून ते आपल्याला विशेष जवळचे वाटतात. हे तिघेही धम्माच्या शोधात भारताकडे निघाले होते. पुढे असा काळ आला की धम्माच्या शोधात निघालेले लोक चीनकडे जाऊ लागले. त्यांच्यात एक जपानी भिक्खू होते, एन्निन. जपानमध्ये त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. आपल्याकडे मात्र ते फारसे कोणाला ठाऊक नाही. इसवी सन ८३८ ते ८४७ अशी नऊ वर्षे ते चीनमध्ये राहिले. बंदरे, कालवे, खेडी, दुष्काळी मुलूख, पर्वतावरचे विहार आणि राजधानी असे सारे त्यांनी पाहिले. त्यातला बराचसा प्रवास त्यांनी पायी केला. जे पाहिले ते त्यांनी रोजनिशीत लिहिले. चीनच्या तांग राजवटीतील सामान्य माणसाचे जीवन जाणून घेण्याचे ते एक मोठे साधन आहे.

एन्निन यांचा जन्म ७९४ च्या सुमारास जपानच्या पूर्वेकडील शिमोत्सुके प्रांतात झाला. लहानपणीच पितृछत्र हरपले आणि गावाजवळच्या एका विहारात त्यांच्या शिक्षणाला आरंभ झाला, असे त्यांची परंपरागत चरित्रे सांगतात. पंधराव्या वर्षी ते क्योतो नगराजवळच्या हिएइ पर्वतावर गेले. तेथे आचार्य साइचो यांनी नुकताच एक नवा संप्रदाय उभा केला होता. चीनमधल्या तिएनताई पर्वतावरून आलेला, सद्धर्मपुंडरीक सूत्राला प्रमाण मानणारा हा संप्रदाय जपानमध्ये तेंदाई म्हणून ओळखला जातो. प्रत्येक जीव बुद्धत्वाला पोहोचू शकतो, त्यात कुळाचा वा दर्जाचा अडसर नाही, ही या संप्रदायाची मुख्य शिकवण. साइचो यांनी एन्निन यांना घडवले. ८२२ मध्ये साइचो यांचे निधन झाले तेव्हा एन्निन तिशीच्या आत होते. आचार्यांनी मागे ठेवलेले अनेक प्रश्न अनुत्तरित होते आणि त्यांची उत्तरे देऊ शकतील असे गुरू समुद्रापलीकडे होते.

चाळिशीच्या सुमारास एन्निन गंभीर आजारी पडले. दृष्टी अधू झाली, शरीर खंगले. आता आपले दिवस भरले असे मानून त्यांनी पर्वतावरच्या एका निर्जन भागात झोपडी बांधली आणि तेथे सूत्राची नक्कल करत राहिले. पुढे ते बरे झाले. याच सुमारास जपानच्या दरबाराने चीनला राजदूतांचे मंडळ पाठवण्याचे ठरवले आणि त्यात एन्निन यांची निवड झाली. त्यांना अल्पकाळ राहणारा विद्यार्थी भिक्खू असा दर्जा देण्यात आला. पुढे त्यांना जो त्रास झाला त्याचे मूळ या एका शब्दात, ‘अल्पकाळ’ या शब्दात होते.

समुद्राने सहजासहजी वाट दिली नाही. ८३६ मध्ये निघालेली जहाजे वादळात सापडली, एक जहाज फुटले आणि शंभराहून अधिक माणसे बुडाली. ८३७ चा प्रयत्नही फसला. अनेकांनी धीर सोडला. एन्निन तिसऱ्यांदा जहाजात चढले. ८३८ च्या उन्हाळ्यात यांग्त्से नदीच्या मुखाजवळ त्यांचे जहाज गाळात रुतले आणि लाटांनी खिळखिळे झाले. अशा अवस्थेत वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांनी चीनच्या भूमीवर पाऊल ठेवले. बरोबर इशो आणि इग्यो हे दोन शिष्य आणि एक सेवक होता.

किनाऱ्यापासून यांगचौ या मोठ्या नगरापर्यंतचा प्रवास कालव्यातून झाला. रेडे नावा ओढत होते. मिठाने भरलेल्या नावा तीन-तीन, चार-चार शेजारी बांधून कोसच्या कोस रांगेने चालल्या होत्या. कोणी दोन हजारांवर बदके पाळलेली होती. हे सारे एन्निन यांनी टिपून ठेवले. यांगचौ हे त्या काळचे मोठे व्यापारी केंद्र. तेथील विहारात त्यांनी हिवाळा काढला. नववर्षाच्या रात्री लोकांनी बांबू पेटवून आवाज केले, पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला नगरभर दिवे लागले, दिवंगत सम्राटाच्या स्मृतिदिनी पाचशे भिक्खूंना भोजनदान झाले. प्रत्येक प्रसंगी कोण कुठे बसले, काय वाढले, किती खर्च झाला, याची नोंद त्यांच्या वहीत आहे. पंडिताच्या रोजनिशीत सहसा न सापडणाऱ्या गोष्टी त्यांच्या रोजनिशीत सापडतात, कारण त्यांना माणसांविषयी कुतूहल होते.

त्यांचे खरे गंतव्य तिएनताई पर्वत होते. त्यासाठी त्यांनी अर्ज केला. तांग राजवटीत प्रवासाचा परवाना असल्याशिवाय कोणालाही एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाता येत नसे. नाक्यानाक्यावर कागद तपासले जात. एन्निन यांचा अर्ज यांगचौहून राजधानीत गेला आणि अनेक महिन्यांनी नकार आला. राजदूत लवकरच परतणार आहेत, तेवढ्या वेळात जाऊन येणे शक्य नाही, असे कारण देण्यात आले. त्यांचे सहकारी भिक्खू एन्साइ दीर्घकाळ राहणारे विद्यार्थी होते, त्यांना मात्र परवानगी मिळाली. एन्निन यांनी साइचो यांच्या परंपरेतले प्रश्न एन्साइ यांच्या हाती सोपवले. तिएनताई पर्वत त्यांना आयुष्यात कधीच पाहता आला नाही.

आता परतायचे की काय, हा प्रश्न होता. सूत्रांच्या काही प्रती मिळाल्या होत्या, त्या घेऊन ते जपानला गेले असते तर कोणी दोष दिला नसता. ८३९ च्या वसंतात राजदूतांची जहाजे उत्तरेकडे किनाऱ्याने निघाली. वाटेत एका ठिकाणी एन्निन, त्यांचे दोन शिष्य आणि सेवक गुपचूप किनाऱ्यावर उतरले आणि जहाजे पुढे गेली. जवळच्या गावात कोरियातून आलेल्या लोकांची वस्ती होती. आपण कोरियन आहोत असे त्यांनी सांगून पाहिले. पण त्यांची बोली ऐकून गावकऱ्यांनी ओळखले. अधिकारी आले, चौकशी झाली आणि किनाऱ्यावर असलेल्या दुसऱ्या जपानी जहाजावर त्यांना पुन्हा चढवण्यात आले.

ते जहाज शांतुंग द्वीपकल्पाच्या टोकाशी अनुकूल वाऱ्याची वाट पाहत थांबले. तेथे चिशान, म्हणजे तांबड्या पर्वतावर, कोरियन भिक्खूंचा एक विहार होता. एन्निन त्या विहारात राहायला गेले. अखेर जहाज निघून गेले तेव्हा ते चौघे मागे राहिले होते. थोड्याच दिवसांत तालुक्याच्या कचेरीतून खलिता आला : जहाज सोडून राहिलेले हे परदेशी कोण, आणि गावच्या मुख्याने याची वर्दी का दिली नाही? एन्निन यांनी लेखी उत्तर दिले. या वेळी कोणी त्यांना हाकलले नाही, कारण विहारातील कोरियन भिक्खू आणि त्या भागातील कोरियन अधिकारी त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

हा विहार ज्यांनी स्थापन केला त्यांच्याविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. त्यांचे नाव जांग बोगो. कोरियातील सिल्ला राज्यात जन्मावरून माणसाचा दर्जा ठरत असे. घराणे कोणते त्यावर पद, वस्त्र, घराचा आकारसुद्धा ठरे. जांग बोगो हे सामान्य कुळातले. सिल्लामध्ये वर चढण्याची वाट नव्हती, म्हणून ते चीनमध्ये आले आणि सैन्यात शिरून अधिकारी झाले. समुद्री चाचे सिल्लाच्या किनाऱ्यावरून माणसे पळवून आणतात आणि चीनमध्ये गुलाम म्हणून विकतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. मायदेशी परतून त्यांनी राजाकडे सैन्य मागितले आणि ८२८ मध्ये एका बेटावर ठाणे उभारून तो व्यापार मोडून काढला. चीन, कोरिया आणि जपान यांच्यामधला बराचसा समुद्री व्यापार पुढे त्यांच्या हाती आला. परंतु त्यांच्या कन्येचा राजाशी विवाह ठरू लागला तेव्हा दरबारातील कुलीनांनी हलक्या कुळाची मुलगी राणी कशी होईल, म्हणून तो मोडला; आणि ८४० च्या दशकात जांग बोगो यांचा विश्वासघाताने खून करण्यात आला. जन्मावरून माणसाला मोजण्याची रीत आपल्याच देशापुरती होती असे नाही. ती जेथे जेथे होती तेथे तेथे तिने कर्तबगार माणसांचा बळी घेतला. एन्निन आणि जांग बोगो यांची भेट झाली नाही; पण त्यांनी उभारलेल्या विहारात आपल्याला आसरा मिळाला म्हणून एन्निन यांनी ८४० मध्ये त्यांना कृतज्ञतेचे पत्र लिहिले.

चिशानच्या विहारात त्या हिवाळ्यात सद्धर्मपुंडरीक सूत्रावर प्रवचने झाली. परदेशी पोट भरायला आलेले कोरियन स्त्री-पुरुष, वृद्ध, तरुण आपल्या भाषेत धम्म ऐकायला जमत. शेवटच्या दिवसांत उपस्थिती दोनशे-अडीचशेपर्यंत गेली. तेथील भिक्खूंनीच एन्निन यांना सुचवले की दक्षिणेतील तिएनताई पर्वत दूर आहे, त्यापेक्षा उत्तरेतील वूताई पर्वतावर जा. तेथे थोर आचार्य आहेत. एन्निन यांनी आपला बेत बदलला. गुरुपरंपरेचा पर्वत सोडून नव्या पर्वताकडे जाण्याचा हा निर्णय त्यांच्या आयुष्याला वळण देणारा ठरला.

८४० च्या वसंतारंभी परवान्यासाठी धडपड करत ते पश्चिमेकडे निघाले. तालुका, जिल्हा आणि मग प्रांताची कचेरी अशा पायऱ्या चढत त्यांना कागद मिळवावा लागला. छिंगचौ येथे प्रांताधिकाऱ्याकडे पुन्हा पुन्हा विनंतीअर्ज द्यावे लागले. शांतुंगमध्ये त्या वेळी टोळधाडीने सलग तीन-चार वर्षे पिके बुडवली होती. लोक ओकच्या झाडाची फळे खाऊन दिवस काढत होते. परक्या भिक्खूला देण्यासारखे घरात काही नव्हते. एन्निन रोजनिशीत प्रत्येक मुक्कामाची नोंद करतात : आज अमुक गावी अमुक घरी उतरलो, यजमान भला आहे, भाजी दिली, आज यजमानाने मीठसुद्धा दिले नाही, आज चहाची पुडी देऊन लोणचे घेतले, या गावात धान्याचा भाव हा, पुढच्या गावात हा. कृपण यजमानाचीही नोंद आहे, पण तिच्यात राग नाही. उपाशी घरासमोर हात पसरताना आपण काय मागत आहोत याची जाणीव त्यांना होती.

परदेशी माणूस, तोडकीमोडकी बोली, हाती एक कागद आणि खांद्यावर ग्रंथांचे ओझे. अशा माणसाला अनोळखी खेड्यांनी सुमारे दोन महिने घास दिला, म्हणून तो पर्वतापर्यंत पोहोचला. वूताईकडे जाणाऱ्या वाटेवर ठरावीक अंतराने धर्मशाळा होत्या. त्यांना सर्वसाधारण विहार असे म्हणत. भिक्खू असो वा गृहस्थ, कोणीही तेथे उतरू शकत असे. धान्य असेल तर भात मिळे, नसेल तर नुसता निवारा. अशा विहारांमधून मुक्काम करत चौथ्या महिन्याच्या अखेरीस त्यांना वूताईची शिखरे दिसली आणि त्यांनी वाटेतच साष्टांग वंदन केले.

वूताई पर्वत हा बोधिसत्त्व मंजुश्रींचा निवास मानला जातो. मंजुश्री हे प्रज्ञेचे प्रतीक. ते तेथे कोणत्याही रूपात वावरतात, भिकाऱ्याच्या, म्हाताऱ्याच्या, अगदी गाढवाच्याही रूपात, अशी लोकांची श्रद्धा होती. एन्निन यांनी आकाशात रंगीत प्रभा पाहिल्याचे लिहिले आहे. बुद्धिवादी दृष्टीने वाचणाऱ्या आपल्याला त्या प्रभेचा शब्दशः स्वीकार करण्याचे कारण नाही. पण त्या श्रद्धेचा माणसांच्या वागण्यावर झालेला जो परिणाम त्यांनी नोंदवला आहे, तो इतिहासाच्या विद्यार्थ्याने बारकाईने पाहावा असा आहे. समोरचा फाटका माणूस कदाचित मंजुश्री असेल, या विचाराने त्या पर्वतावर कोणी कोणाला हीन लेखत नसे.

तेथे त्यांनी एक कथा ऐकली. एकदा एका धनिकाने मोठे भोजनदान केले. पंगतीत एक गर्भवती भिकारीण होती. तिने आपला वाटा घेतला आणि पोटातील बाळाचाही वाटा मागितला. दात्याने नकार दिला. ती पानावरून उठून दाराबाहेर गेली आणि मंजुश्रींच्या रूपात अंतर्धान पावली. तेव्हापासून दात्यांनी शपथ घेतली की येथे येणाऱ्या प्रत्येकाला, स्त्री असो वा पुरुष, थोर असो वा दीन, समान वाढले जाईल. एन्निन यांनी त्या दिवशीची पंगत स्वतः पाहिली. भोजनगृहात पुरुषांची एक ओळ, स्त्रियांची एक ओळ, कडेवरच्या मुलालाही पूर्ण वाटा. मुलांची ओळ, श्रामणेरांची ओळ, भिक्खूंची ओळ, भिक्खुणींची ओळ. सर्वांना सारखे वाढले जात होते आणि कोणी अधिक मागितले तरी त्याला नावे न ठेवता दिले जात होते. कोणी दाता आपण भिक्खूंसाठी दान आणले, भिकाऱ्यांसाठी नव्हे, अशी कुरकुर करी, तेव्हा विहारवासी त्याची समजूत काढत. वसतिगृहाच्या भोजनगृहात एका ओळीत बसून जे वाढले, शिकले, त्यांना या नोंदीचे मोल वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या देशात पाण्याच्या तळ्यावर आणि जेवणाच्या पानावरच माणसाचा दर्जा ठरत आला. म्हणून बाराशे वर्षांपूर्वीची ही पंगत आपल्याला महत्त्वाची वाटते.

वूताईवर सुमारे दोन महिने राहून एन्निन यांनी तेथील आचार्यांकडून ग्रंथ उतरवून घेतले, साइचो यांच्या परंपरेतील शंका विचारल्या. मग ते तैयुआनमार्गे राजधानी चांगआनकडे चालत निघाले आणि ८४० च्या शरदात तेथे पोहोचले. चांगआन हे त्या काळी जगातल्या सर्वांत मोठ्या नगरांपैकी एक होते. तेथे त्यांनी अनेक गुरूंजवळ अध्ययन केले. भारतातून तेथे गेलेल्या एका भिक्खूकडून त्यांनी संस्कृतच्या सिद्धम् लिपीचे आणि उच्चारांचे शिक्षण घेतले. भारत न पाहिलेल्या या जपानी माणसाने आपल्याकडच्या अक्षरांचा सराव अशा रीतीने चीनमध्ये बसून केला.

त्याच वर्षी चीनच्या गादीवर सम्राट वूत्सुंग आला. तो ताओ पंथाच्या पुरोहितांच्या प्रभावाखाली होता, युद्धांनी खजिना रिता झाला होता, आणि विहारांजवळ करमुक्त जमिनी आणि अमाप धातू होता. ८४२ पासून निर्बंध सुरू झाले. एन्निन राजधानीतच असल्याने हे सारे त्यांनी दिवसागणिक लिहिले : आधी नोंदणी, मग मालमत्तेची मोजणी, मग विहाराबाहेर जाण्यास बंदी. ८४३ मध्ये त्यांचा शिष्य इग्यो दीर्घ आजाराने वारला. त्याला पुरण्यासाठी जागा विकत घेण्याइतके पैसे गुरूजवळ नव्हते. विहाराकडे विनंती करून जागा मिळवावी लागली. मायदेशी परतण्याच्या परवानगीसाठी एन्निन यांनी या वर्षांत शंभराहून अधिक अर्ज केले. पूर्वी त्यांना चीनमध्ये राहू दिले जात नव्हते, आता जाऊ दिले जात नव्हते.

८४५ मध्ये घाला पडला. प्रथम चाळिशीच्या आतील भिक्खू-भिक्खुणींना चीवर उतरवून घरी पाठवण्याचा हुकूम निघाला. रोज शेकड्यांनी माणसे संघातून काढली जाऊ लागली. मग पन्नाशीच्या आतील, मग कागदपत्र नसलेले वृद्ध आणि शेवटी नोंदणीचे कागद नसलेले परदेशी. एन्निन यांच्याजवळ तो कागद नव्हता. सरकारी आकडेवारीनुसार या मोहिमेत ४,६०० विहार आणि सुमारे ४०,००० लहान देवळे-आश्रम पाडले गेले आणि २,६०,५०० भिक्खू-भिक्खुणींना गृहस्थाश्रमात ढकलले गेले. पितळी मूर्ती वितळवून नाणी पाडली, लोखंडाची शेतीची अवजारे केली. ख्रिस्ती आणि पारशी धर्मीयांचे लहान समूहही या तडाख्यातून सुटले नाहीत.

त्याच सरकारी आकडेवारीत आणखी एक आकडा आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. विहारांच्या मालकीचे १,५०,००० दास या वेळी मोकळे करून करदात्यांच्या यादीत घातले गेले. समान पंगतीची शपथ घेणाऱ्या धम्माच्या नावाने चालणाऱ्या संस्थांनी माणसे मालकीची ठेवली होती. वूत्सुंगाचा हेतू त्यांना मुक्त करण्याचा नव्हता, खजिना भरण्याचा होता. त्याच्या जुलमाचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु विहार जमीनदार झाले, कर चुकवण्यासाठी श्रीमंतांची मुले चीवर घालू लागली, राजाच्या मर्जीवर संघ पोसला जाऊ लागला, तेव्हा राजाची मर्जी फिरताच त्याचे रक्षण करण्याची ताकद त्याच्यात उरली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये बुद्ध आणि त्यांच्या धम्माच्या भवितव्यावर लिहिलेल्या लेखात भिक्खूने शिक्षित असावे आणि लोकांची सेवा करावी अशी अपेक्षा का व्यक्त केली, याचे एक उत्तर चीनच्या या इतिहासात सापडते.

एन्निन यांनी चीवर उतरवले. गृहस्थ होण्याचे त्यांना दुःख नव्हते. मोठ्या कष्टाने उतरवलेले ग्रंथ सुखरूप नेता येतील की नाही, ही चिंता त्यांना जाळत होती. पकडले गेले तर मृत्युदंड होईल हे ठाऊक असूनही त्यांनी ते बांधून बरोबर घेतले. निरोपाच्या वेळी राजधानीतील काही माणसे पुढे आली. त्यांत अधिकारी होते, सामान्य गृहस्थ होते, चीनच्या सैन्यात असलेले एक कोरियन गृहस्थ होते. सम्राटाचा कोप असताना त्यांनी या परदेशी माणसाला वस्त्रे, वाटखर्च आणि पुढच्या गावच्या अधिकाऱ्यांना पत्रे दिली आणि वेशीपर्यंत पोहोचवायला आले.

लोयांग, पियनचौ, यांगचौ असा परतीचा प्रवास झाला. सात वर्षांपूर्वी दिव्यांनी उजळलेल्या यांगचौमध्ये आता डोकी गुंडाळलेले भिक्खू आणि भिक्खुणी आपापल्या गावी हाकलले जात होते आणि विहारांच्या घंटा जप्त होत होत्या. छूचौ येथे एका कोरियन दुभाष्याकडे एन्निन यांनी ग्रंथ ठेवायला दिले. घरात असे ग्रंथ सापडणे धोक्याचे असूनही त्याने ते सांभाळले. तेथून जहाज मिळू न देता अधिकाऱ्यांनी त्यांना पुन्हा शांतुंगच्या टोकाकडे पिटाळले. चिशानचा विहार पाडला गेला होता. त्याच भागातील कोरियन अधिकाऱ्याने त्यांना आश्रय दिला. ८४६ मध्ये अमरत्वासाठी घेतलेल्या रसायनांनी वूत्सुंगाचाच मृत्यू झाला आणि नव्या सम्राटाने धोरण बदलले. ८४७ मध्ये एन्निन यांनी पुन्हा मुंडन करून चीवर धारण केले आणि एका कोरियन जहाजातून ते जपानच्या किनाऱ्याला लागले. बरोबर इशो होता, सेवक होता, ग्रंथ होते. इग्यो चांगआनच्या मातीत राहिला होता. दीर्घ परवानगी मिळालेले एन्साइ चीनमध्ये सुमारे चाळीस वर्षे राहिले आणि ८७७ मध्ये परतीच्या वाटेवर समुद्रात बुडाले.

एन्निन यांनी आणलेल्या ग्रंथांची संख्या पाचशेहून अधिक भरते. ८५४ मध्ये ते हिएइ पर्वतावरील विहाराचे तिसरे प्रमुख झाले. वूताईवर ऐकलेले बुद्धनामाचे सुरेल सामूहिक पठण त्यांनी हिएइवर रुजवले. लिहिता-वाचता न येणाऱ्या शेतकऱ्यालाही करता येईल अशी ही साधना पुढील काही शतकांत जपानच्या खेड्यापाड्यांत पसरली आणि तिच्यातून नवे लोकाभिमुख संप्रदाय उभे राहिले. ८६४ मध्ये त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी दरबाराने त्यांना जिकाकु दाइशी ही पदवी दिली. त्याच वर्षी त्यांचे गुरू साइचो यांनाही तशीच पदवी मिळाली. जपानच्या इतिहासात महागुरू ही पदवी मिळालेले हे पहिले दोघे.

त्यांची रोजनिशी चार भागांत आहे. १२९१ मध्ये बहात्तर वर्षांच्या एका वृद्ध भिक्खूने अधू डोळ्यांनी तिची नक्कल करून ठेवली, ती प्रत टिकली म्हणून आज आपल्याला हे सारे वाचता येते. १९५५ मध्ये एडविन रायशॉअर यांनी तिचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला आणि तांग राजवटीचा इतिहास लिहिणाऱ्यांना बादशाही बखरींपलीकडचे एक साधन मिळाले. बखरींमध्ये सम्राट आणि सेनापती आहेत. या रोजनिशीत शांतुंगच्या दुष्काळी घरातला यजमान आहे, भाव सांगणारा दुकानदार आहे, ग्रंथ लपवणारा दुभाषी आहे.

समुद्रापलीकडे विद्या घेण्यासाठी निघालेल्या माणसाला अधिकृत मार्गाने फारसे काही मिळाले नाही. राजदूतांनी त्यांना मागे सोडले, कचेऱ्यांनी अडवले, सम्राटाने चीवर उतरवले. त्यांना पुढे नेले ते चीनच्या खेड्यांतील घरांनी आणि तेथे परके म्हणून राहणाऱ्या कोरियन लोकांनी. एन्निन ही गोष्ट विसरले नाहीत. चिशानच्या आठवणीसाठी जपानमध्ये एक विहार बांधावा अशी इच्छा त्यांनी मरताना शिष्यांजवळ बोलून दाखवली. शिष्यांनी ती ८८८ मध्ये पूर्ण केली. हिएइ पर्वताच्या पायथ्याशी क्योतोमध्ये तो विहार आजही उभा आहे आणि त्याच्या नावात त्या तांबड्या पर्वताचे नाव आहे.